विल्फ गार्बटची तीन मजली घोडी

विल्फ गार्बटला वाकता येत नव्हतं. एवढं एक वाक्य सरकारी माणसांच्या डोक्यात घालायला मला अकरा महिने लागले, आणि ते शिरलं तेव्हा त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

ग्रेंजटाऊनमध्ये तो आमच्या गल्लीत, माझ्यापासून चार घरं सोडून राहायचा. पोलादाच्या कारखान्यात प्लेटर होता. जाड पत्रे आखायचे, कापायचे, एकमेकांना बिनचूक जुळवायचे, हे काम त्याने तेहतीस वर्षं केलं. एक दिवस तुळई घसरली. ती काही त्याच्या अंगावर आली नव्हती. हाच तिला थोपवायला गेला. कंबर गेली. दोन वर्षांनी कारखानाही गेला, तेव्हा बाकीचे म्हणाले, विल्फ सुटला, त्याला निदान अपंगांचा भत्ता तरी आहे. अशा सुटकेला आग लागो.

बिअर तो घरीच करायचा. त्याचा बापही करायचा. डब्यातला तयार काढा पाण्यात ढवळणाऱ्यांपैकी नव्हे. मोड आणून भाजलेलं जव दळायचं, गरम पाण्यात भिजवायचं, त्याचं गोड पाणी काढून कडवटपणासाठी हॉपच्या फुलांबरोबर उकळायचं, सगळं रीतसर. पण रीतसर म्हणजे पाण्याने भरलेली पातेली उचलणं आलं. कंबर गेल्यावर तेच बंद झालं. लेन पायबस, कारखान्यातला त्याचा जोडीदार, म्हणाला, "मी येतो ना उचलायला, विल्फ्या." विल्फ म्हणाला, "दुसऱ्याने उचललेली बिअर माझी कशी? त्यापेक्षा दुकानातलं भांडी धुतलेलं पाणी पितो." आणि दोन वर्षं तेच प्यायला.

मग त्याने घोडी काढायला घेतली. भांडी ठेवायची लोखंडी घोडी, तीन मजल्यांची. वरच्या मजल्यावर पाण्याचं भांडं, ते नळीने जागेवरच भरायचं. मधल्यावर जव भिजवायचं, खालच्यावर उकळायचं. वरून खाली सगळं आपल्या वजनाने वाहणार, पंप नाही, उचलणं नाही. मधल्या फळीखाली गाडीचा जुना जॅक, म्हणजे चार वेळा दांडा फिरवला की भांडं पुढे कलतं आणि तळाशी राहिलेलं गोड पाणीही निघून येतं. भांड्याच्या कुशीला एक दार. ते उघडलं की चोथा घसरत थेट हातगाडीत. कंबर न वाकवता. आणि झाळकाम, म्हणजे वेल्डिंग, कुठेच नाही, सगळे नट-बोल्ट, कारण झाळायला उकिडवं बसावं लागतं. पाणी भरलेल्या चहाच्या किटलीहून जड असा एकही तुकडा त्यात नव्हता. मी पुष्कळ इंजिनिअर बघितलेत, टाय लावलेले. त्यांतल्या एकालाही हे सुचलं नसतं, कारण त्यांतल्या एकाचीही कंबर गेलेली नव्हती.

नकाशा त्याने भिंतीला लावायच्या उरलेल्या कागदाच्या पाठीवर काढला. दहा मिनिटांच्या वर खुर्चीत बसवायचं नाही, म्हणून पुढच्या खोलीत गालिच्यावर पालथा पडून काढला. थोडं काढायचं, मग गालिच्यावर गाल टेकून निपचित पडायचं, मग परत थोडं. असे चार महिने. थेल्मा, त्याची बायको, चहाचे कप घेऊन त्याला ओलांडून जायची. मला म्हणायची, "नॉरीन, घरात नवरा आहे की पायपुसणं, मला आता सांगता येत नाही बाई."

लेन एकदा आला, कागदाकडे बघून म्हणाला, "अजून तेच? नोहाने प्रलयाआधी अख्खं तारू बांधलं की रे एवढ्यात!" विल्फ पुढे तीन आठवडे त्याच्याशी बोलला नाही. मला तेव्हा ते पोरकट वाटलं.

पण घोडी झाली. लेनने तुकडे धरले, विल्फने बोल्ट आवळले. पहिली बिअर निघाली त्या दिवशी मी विल्फच्या परसातल्या खोपटात होते. विल्फने वरच्या भांड्यावर हात ठेवला होता, आपल्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. मी फोटो काढला. आमच्या बेरोजगार संघटनेचं चार पानी पत्रक मीच काढते. पहिल्या पानावर तो फोटो छापला आणि वर मथळा दिला, 'ग्रेंजटाऊनचे हात अजून शाबूत आहेत!' उद्गारचिन्हासकट. मला फार आवडला होता तो मथळा.

सहा आठवड्यांनी विल्फला भत्त्याच्या कचेरीचं पत्र आलं. सोबत आमच्याच पत्रकाची छायाप्रत. 'अर्जदार डोक्याच्या उंचीवर जड भांडी हाताळत असल्याचे दिसून येते.' भत्ता बंद.

विल्फने पत्र घडी करून खिशात घातलं. थेल्मा बोलली. "शाबूत हात म्हणे! तुझे मेले छापले असतेस की!" तिचं काय चुकलं?

मी वकील नाही. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. पण भत्त्याचे नियम मला त्यांच्या अधिकाऱ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत, आणि अपिलाच्या सुनावणीत मी कितीतरी जणांची बाजू मांडली आहे. मला वाटलं, हे तर सोपं आहे. ती घोडी हाच पुरावा. उचलता येत असतं तर माणसाने अशी घोडी बांधली कशाला असती? मी म्हटलं, "विल्फ, तो नकाशा घेऊन चल." लेनला साक्षीला घेतलं.

सुनावणीला समोर न्यायाधीश बाई, शेजारी एक डॉक्टर. मी टेबलावर कागद पसरला. एका बाजूला गुलाबाची फुलं, उलटून ठेवला की विल्फच्या रेघा. डॉक्टर म्हणाला, "भांडं रिकामं झालं की वरून खाली कोण उतरवतं, मिस्टर गार्बट?"

"कोणीच नाही. ते वरच राहतं. नळी मारून तिथल्या तिथे धुतो."

"आणि चोथा?"

"दारातून हातगाडीत."

डॉक्टरने कागद स्वतःकडे ओढला आणि जॅकवर बोट ठेवून खुदकन हसला. मी लेनकडे बघितलं. जिंकलो होतो आम्ही. त्या क्षणाला जिंकलो होतो, हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन.

मग न्यायाधीश बाई कागदावर झुकल्या. त्यांच्या आवाजात कसलाही डाव नव्हता, मनापासून कौतुक होतं. म्हणाल्या, "सुरेख आहे हो. किती दिवस लागले काढायला?"

विल्फने पाठ ताठ केली. ती ताठ करताना त्याला काय होतं ते मला ठाऊक आहे.

"एक रविवार," तो म्हणाला.

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"एका दिवसात? बसून?"

"मग काय झोपून काढणार? कामावर असतो तर जेवणाच्या सुट्टीच्या आत हातावेगळा केला असता."

मी ओरडलेच. "बाईसाहेब, चार महिने लागलेत! जमिनीवर पालथा पडून काढलाय त्याने!"

त्यांनी विल्फला विचारलं, "हे खरं आहे का?"

विल्फ माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला काय कळतंय प्लेटरच्या कामातलं."

निकाल सभ्य भाषेत आला. अर्जदाराला वजन उचलता येत नाही, हे मान्य. मात्र दिवसभर बसून बारकाईचं काम करण्याची त्याची क्षमता त्याच्याच बोलण्यातून व पुराव्यातून सिद्ध होते. सबब बैठं काम करण्यास योग्य, भत्ता बंदच. तो पुरावा मी नेला होता. आधी फोटो, मग नकाशा. शत्रूला मी एवढी मदत कधी केली नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला धरलं. "का बोललास? माणसा, का बोललास तसं?"

"चार महिने सांगू?" तो म्हणाला. "एका घोडीला? लेन मागे बसलेला असताना?"

लेन पांढराफटक पडला. "अरे गाढवा, मी उठून बाहेर गेलो असतो! मी त्या दिवशी थट्टा केली होती रे!"

"थट्टाच होती. खरी होती म्हणून तर थट्टा."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. कारखान्यातल्या त्यांच्या त्या शेडमध्ये दारुडा खपायचा, बायकोशी भांडणारा खपायचा, उसना घेतलेला पाना बुडवणाराही खपायचा. हळू माणूस खपत नव्हता. हळू म्हणजे बाकीच्यांच्या जिवावर खाणारा. तेहतीस वर्षं हेच माप. मालक पळून गेले, शेड भंगारात विकली, आणि माप तेवढं या लोकांच्या हाडांत ठेवून गेले. फुकट.

मला पुढे लढायचं होतं. वर अपील करायला एक महिन्याची मुदत होती. थेल्माने खरं काय ते लिहून द्यायचं, पुढचं मी बघते. ती स्वयंपाकघरात बसली, दोन ओळी लिहिल्या आणि पेन ठेवलं.

"नाही जमायचं, नॉरीन."

"अगं, खरंच तर आहे ते!"

"खरं आहे ते मला माहीत आहे. नवरा खोटारडा आहे, आणि हळूही आहे, असं मी सही करून देऊ? भत्ता येईल गं. पण मग त्या गालिच्यावरून तो उठेल का परत?"

मी तिच्यावर चिडले, नाही नाही ते बोलले. दार आपटून निघाले. मुदत संपली.

आता बेकारांचा तुटपुंजा भत्ता मिळावा म्हणून तो दर पंधरा दिवसांनी सरकारी रोजगार कचेरीत काम मागायला जातो. तिथे खुर्च्या आहेत, पण बसला की उठता येत नाही, म्हणून खांबाला टेकून उभा राहतो. मागच्या खेपेला मी सोबत गेले. समोरची मुलगी तेविसेक वर्षांची असेल, गोड होती, नावाने हाक मारत होती. नकाशे काढायच्या कामाला संगणकावरचा अनुभव लागतो म्हणाली. मग यादी वाचायला लागली.

"विल्फ, गोदामात एक जागा आहे. थोडं उचलणं आहे. जमेल तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. त्याने हात आडवा करून मला थांबवलं.

"किती उचलायचंय?" विल्फ म्हणाला.