बनूबाईच्या गल्लीतले चौसष्ट वाचक

बनूबाई वाचायला बसली की मध्ये तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. अंबरनाथ पूर्वेला तिच्या गल्लीच्या तोंडाशीच बुद्धविहार. वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. वाचायची बनूबाई, बाकी गल्ली सतरंजीवर बसून ऐकायची. कुणी पेंगलं तर ती वाचन थांबवायची आणि त्या माणसाकडे नुसती बघत राहायची. तो दचकून सरळ झाला की तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून. त्यामुळे पेंगणाऱ्याला शेजारचेच चिमटे काढायचे.

बाई शिकलेली किती, तर बेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात बसलेली. त्याआधी आणि त्यानंतरही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. बावीस वर्षं निळ्या कापडाचे धागे कापून बोटं निळी झाली होती, आणि त्याच बोटाने ती ओळ धरून वाचायची. मनातल्या मनात वाचणं तिला ठाऊकच नव्हतं. वाचायचं म्हणजे मोठ्याने, चारचौघांना ऐकू जाईल असं. गल्लीलाही तेच ठाऊक. वर्षावास संपून समारोपाची खीर झाली की ज्याने एक अक्षर ओळखलेलं नाही तोसुद्धा छाती काढून सांगायचा, यंदा आमचा ग्रंथ वाचून झाला. आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

दोन हजार सातच्या डिसेंबरात शहरातल्या वाचनालयांनी मिळून एक झकास उपक्रम काढला. अख्ख्या अंबरनाथने महिनाभरात एकच पुस्तक वाचायचं. वाचून झालं की आपलं कार्ड भरायचं आणि सोबत किलोभर तांदूळ किंवा डाळ आणून द्यायची. ते धान्य बदलापूरच्या पुढे पाड्यावरच्या मुलींच्या वसतिगृहाला जाणार. आणि ज्या गल्लीत सगळ्यात जास्त वाचक निघतील त्या गल्लीला दोनशे पुस्तकांनी भरलेलं कपाट.

कपाटाचं ऐकलं आणि बनूबाईची झोप उडाली. विहारात पुस्तकं म्हणाल तर सगळी मिळून सात. तीच ती वाचून पानं सुटली होती. कपाट आणायचंच, असं तिने जाहीर करून टाकलं आणि वाचनालयातून पुस्तकाची एक प्रत घेऊन आली. एकच. दुसरी कशाला लागते?

खाडीवरच्या एका होडीवाल्याची गोष्ट होती ती. त्याची बहीण त्याच्या मनाविरुद्ध पलीकडच्या गावात लग्न करून जाते, आणि हा बारा वर्षं त्या गावाला होडी नेत नाही. गल्लीने अशी गोष्ट कधी ऐकली नव्हती. शेजारच्या आगरी आळीतली पुतळाबाई चार दिवस दाराशी उभी राहून ऐकत होती, पाचव्या दिवशी सरळ आत येऊन बसली आणि तिच्यामागून तिच्या दोन जावा आल्या. विडी ओढल्याशिवाय ज्याचा तास जात नाही तो रामभाऊ वॉचमन दोन-दोन तास जागचा हलेना. महिना संपत आला तेव्हा सतरंजीवर त्रेसष्ट माणसं बसत होती. त्यांच्या नावाची त्रेसष्ट कार्डं भरली, चौसष्टावं बनूबाईचं. निम्म्या कार्डांवर अंगठे. धान्याची तर मजाच झाली. रेशनचा जाडा तांदूळ, कोलम, तूरडाळ, कुणी घरात तेवढंच होतं म्हणून पोहे, असं सगळं हातगाडीवर घालून वरात वाचनालयात गेली.

टेबलाशी नरेंद्र बसला होता. उपक्रमाचा चिटणीस. बँकेत नोकरी, पोरगा सज्जन, पण कागदाच्या बाहेर जग असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. त्याने कार्डं चाळली, अंगठे बघितले आणि विचारलं की प्रती किती घेतल्या होत्या. बनूबाईने एक बोट वर केलं.

नरेंद्रने कार्डं बाजूला ठेवली. धान्य आनंदाने घेतो म्हणाला, पण कार्डं नाही घेता येणार. "मावशी, यांनी पुस्तक ऐकलंय. वाचलेलं नाही."

झालं. बनूबाईचा पारा चढला तो उतरेना. खोटारडी ठरवता का आम्हाला, म्हणाली. आमच्याकडे असंच वाचतात, बाबा. तुमच्या बंगल्यातले लोक एकेकटे कोपऱ्यात बसून काय वाचतात आणि किती वाचतात ते कोण बघायला गेलंय? या आमच्या गल्लीत आणि विचारा एकेकाला. आणि मग रागाच्या भरात, कुणी मागितलं नसताना, बाई बोलून गेली, "यातला एक जरी चुकला तर चौसष्टच्या चौसष्ट कार्डं फाडून टाका."

नरेंद्रने ते लिहूनच घेतलं.

शनिवारी दुपारी नरेंद्र आला, सोबत उपक्रमाचे अध्यक्ष शंकरराव. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पण चष्म्यावरून बघायची सवय शाबूत. विहारात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या आणि गल्लीला दहावीच्या परीक्षेची कळा आली होती.

शंकररावांनी एकेकाला उठवून एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि काय सांगावं, गल्ली सुटलीच. होडीवाल्याच्या घराला दारं किती, बहिणीच्या नवऱ्याचा धंदा काय, वादळात सापडलेला व्यापारी काय कबूल करून फिरला, विचाराल ते हजर. पुतळाबाईला होडीबद्दल विचारलं तर तिने उत्तर दिलं आणि वर पुस्तकवाल्याने वल्हं धरायची तऱ्हा चुकीची लिहिलीय हेही ऐकवलं. नरेंद्रने मध्येच रामभाऊला विचारलं की होडीवाला सकाळी निघाला तेव्हा किनाऱ्यावर कोण उभं होतं. रामभाऊने त्याच्याकडे खालीवर बघितलं. सकाळी नाही साहेब, दुपारी, ओहोटी लागल्यावर निघाला, म्हणाला. तुमचं पुस्तक वाचून व्हायचं असेल अजून. नरेंद्रचे कान लाल झाले, कारण खरंच निम्मं राहिलं होतं. सगळी गल्ली खदखदून हसली आणि शंकररावही चष्मा पुसायला लागले.

त्रेसष्ट झाले. त्रेसष्टही पास. शंकरराव उठायच्या बेतात होते, एवढ्यात नरेंद्रने आठवण करून दिली की एक राहिलं. मग हसत हसतच त्यांनी बनूबाईला विचारलं, "सांगा, होडीवाला शेवटी बहिणीला आणायला गेला, मग तिला न घेताच परत का आला?"

बनूबाईने मांडीवरचं पुस्तक हातात घेतलं.

तिला आठवेना. आठवेल कुठून, ते आत गेलंच नव्हतं. वाचताना तिचं सारं ध्यान बोटाखालच्या अक्षरावर. पुढे जोडाक्षर येतंय का, दम कुठे घ्यायचा, मागच्या रांगेत कोण पेंगतोय, हेच चालू असायचं. वाक्य तोंडातून बाहेर पडलं की ते गल्लीचं, तिच्याकडे काही उरायचं नाही. पंधरा वर्षं असंच चाललं होतं आणि हे तिचं तिलाही आज कळत होतं. कशीबशी म्हणाली, "मला नाही येत, गुरुजी."

विहारात कुणी हसलं नाही. नरेंद्रने खिशातला कागद काढलाच नाही, हे त्याच्या चांगुलपणाचं म्हणायला हवं. पण शब्द बाईचाच होता आणि बाई शब्दाची पक्की. तीच म्हणाली, फाडा कार्डं. माझ्यापायी गल्लीचं कपाट गेलं, असं म्हणून ती भिंतीला टेकून पदराने डोळे पुसायला लागली. तिला असं रडताना गल्लीने नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

शंकररावांनी घड्याळ पाहिलं, कॅलेंडर पाहिलं. मुदत उद्या रविवारी संध्याकाळपर्यंत आहे, एवढंच म्हणाले आणि कार्डं न फाडताच नरेंद्रला घेऊन निघून गेले.

मग रामभाऊ उठला. त्याने बनूबाईच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि ती कुरकुरत असताना तिला सतरंजीवर, अगदी मधोमध नेऊन बसवलं. तू आज गप्प बसायचं, म्हणाला. आणि गल्लीने तिला ते पुस्तक सांगितलं. पुस्तक मिटलेलंच होतं. पहिलं प्रकरण रामभाऊने सांगितलं, वादळ पुतळाबाईने हातवारे करून, एक चुकला की दहा जण त्याला दुरुस्त करत. बनूबाई आधी अवघडून बसली होती. मग मांडी सैल झाली. मग ती मध्येच विचारायला लागली, आणि मग, पुढे काय झालं? होडीवाल्याने व्यापाऱ्याला सुनावलं तेव्हा तिने टाळी दिली. हे मी वाचलं होतं, असं ती चारदा म्हणाली आणि चारही वेळा लोक हसले. तीही हसली. बायका चुलीवरची भाजी उतरवून परत येऊन बसत होत्या. शेवटाला आले तेव्हा ती रडत होती, पण ते दुपारचं रडणं नव्हतं.

रविवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी ती पायरीवर हजर होती. शंकररावांनी तिला खुर्ची दिली आणि तोच प्रश्न विचारला.

"बारा वर्षं त्याला वाटत होतं, बहीण तिकडे रडत असेल," बनूबाई म्हणाली. "जाऊन बघतो तर ती दारात उभी राहून हसत होती. हसणाऱ्या माणसाला परत कुठे आणायचं, गुरुजी? तो दुरूनच फिरला. आणि येताना वल्हवत गाणं म्हणत होता. त्याला कधी गाणं येत नव्हतं."

शंकररावांनी चौसष्टाव्या कार्डावर सही केली. दुसऱ्या कुठल्या गल्लीचे आतापर्यंत चाळीसच्या वर वाचक नव्हते, म्हणजे कपाट विहारातच येणार हे ठरल्यातच जमा. नरेंद्रने स्वतः उठून तिच्यासाठी चहा मागवला. बाकी कामं खोळंबली होती, शंकररावांनी पेनाला टोपण लावलं, तरी बनूबाई खुर्चीतून उठेना.

"अजून विचारा की, गुरुजी," ती म्हणाली. "मला सगळं येतंय."