काटवलाचे नर वेल

आमच्या मॅडम फूल दिसलं की पर्समधून भिंग काढायच्या, मग ते फूल कुणाच्या का डोक्यात असेना. चांदूर रेल्वेला एका लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाच्या हारातलं फूल उलगडून आम्हाला परागकण दाखवले होते. भटजी खोळंबले. नवरदेव मात्र मुकाट्याने मान वाकवून उभा राहिला, कारण तोही त्यांचाच विद्यार्थी.

अमरावतीत वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवूनही मॅडमची पीएचडी राहून गेली होती. आता या वयात कशाला, असं स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की त्या चहा संपवून तासाला निघून जात. विषय काटवलाचं, म्हणजे करटोलीच्या रानभाजीचं, परागीभवन. नांदगाव खंडेश्वरजवळ रहीमचाचा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर त्यांनी वेल लावले होते. काटवलाचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे. नराला फळ धरत नाही, पण त्याचे पराग मिळाले नाहीत तर मादीलाही धरत नाही.

शेवटच्या हंगामात चाचांनी मॅडम येणार म्हणून हौसेने बांध साफ केला आणि सगळे नर वेल उपटून टाकले. "मले वाटलं, बेकार हायेत, उगाच खत खाऊन राहिले," ते म्हणाले. हा हंगाम हुकला तर मुदत संपून पीएचडीची नोंदणीच रद्द होणार होती. मला चाचांचा असा संताप आला की विचारू नका.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षं यांचा चहा प्याले, पण वेलांबद्दल यांना अक्षर सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून मॅडम आणि चाचा सकाळी सकाळी रानातल्या कुंपणांवरून नरफुलं खुडून आणू लागले. निम्म्या मादीफुलांना हाताने पराग लावायचे, निम्मी तशीच सोडायची. लावलेल्यांना काटेरी फळं लगडली, सोडलेली गळून गेली, कारण पराग द्यायला बांधावर एकही नर वेल उरला नव्हता. चाचांच्या चुकीने प्रयोग उलट अधिकच चोख झाला.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मॅडमची पीएचडीची तोंडी परीक्षा सर्वांसमोर झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खोचकपणे विचारलं की फळ न देणारा वेल शेतकरी कशाला ठेवेल? मॅडम बोलणार, तोच मागून चाचा उठले.

"साहेब, ते वेल मीनंच उपटले होते. आता गावात कोनी उपटाले आला, त मी त्याचा हात धरतो."

परीक्षकांनी प्रबंध मिटून ठेवला आणि पुढचा प्रश्न मॅडमना नाही, चाचांना विचारला.