वाडीचा फळा आणि वकीलबाई

वकीलबाईंसमोर रडायची सोय नव्हती. म्हणजे रडायला बंदी नव्हती, पण क्रम ठरलेला होता. एखादी मुलगी मोबाईल हातात धरून, नाक लाल करून त्यांच्या खोलीत आली की त्या चहात खारी बुडवता बुडवता म्हणायच्या, "आधी फोटो काढ. तारीख-वेळ दिसू दे. मग काय रडायचं ते रड." स्क्रीनशॉट हा शब्द त्यांना येत नव्हता असं नाही, पण त्यांच्या जिभेला तो बरा लागत नसे.

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत त्या पहिल्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर. त्या वकील, मी पेटी शिकवणारा मास्तर. माझी मुंज त्यांनी पाहिलेली, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी चारचौघांत मी त्यांचा बाळ्याच. कोर्टातून त्या घरी आल्या की जिन्यावर मुली उभ्याच. कोणाचा फोटो कोणीतरी नासवलेला, कोणाच्या नावाने खोटं खातं काढलेलं. "या मुली मोबाईलवर इतक्या असतातच कशाला?" असं मी एकदा बोलून गेलो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू खिडकीत बसून पेटी वाजवतोस ना? उद्या कोणी दगड मारला तर तुला विचारू का, खिडकीत कशाला बसलास?" मी मनात म्हटलं, मला कोण दगड मारतोय.

मारला. गणपतीत मी मंडपात दोन पदं म्हटली, त्याचा व्हिडिओ कोणीतरी टाकला. तान घेताना माझं तोंड कसं होतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. दाढ दुखत असलेल्या माणसाचं व्हावं तसं होतं. नेमका तोच फोटो लावून कोणीतरी माझ्या नावाचं खातं उघडलं आणि तिथून माझ्या ओळखीच्या बायकांना नको नको ते लिहायला लागला. माझ्या खऱ्या फोनवर शिव्या येऊ लागल्या. क्लासच्या पोरी एकेक करून येईनाशा झाल्या. सईच्या आईलाही तसलं काही गेलं होतं; तिने तर मुलीची परीक्षा आहे असं सांगितलं, तेही ऐन दिवाळीच्या सुट्टीत. क्लास गेला तर माझ्याकडे उरतं काय? पेटी आणि दाढदुखीचं तोंड.

मग मी दोन पराक्रम केले. पहिला म्हणजे आलेल्या सगळ्या शिव्या निगुतीने डिलीट केल्या, घरातली घाण काढावी तशा. दुसरा त्याहून थोर. वाडीच्या तोंडाशी फळा आहे. सत्यनारायण, पाणी बंद, कोणाचं निधन, सगळं त्यावर लागतं, आणि अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. सकाळी मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझ्या नावाने महिलांना जाणारे अश्लील संदेश माझे नाहीत. कृपया नोंद घ्यावी.' वर श्रीसुद्धा काढली.

वाडीने चांगलीच नोंद घेतली. दूधवाल्यानेही घेतली. बाई कोर्टात निघाल्या होत्या, त्या फळ्यापाशी थांबल्या. "चार बायकांना माहीत होतं, ते तू अख्ख्या गिरगावाला वाचायला लावलंस." मी घाईघाईने डस्टर उचललं. "थांब. आधी फोटो काढ, तारीख दिसू दे. हाही पुरावाच. तुझ्या अकलेचा."

संध्याकाळी बाईंनी मला समोर बसवलं. मला वाटलं, आता पीडित म्हणून माझी विचारपूस होईल. "दुसऱ्याचं नाव, फोटो लावून लोकांना फसवणं हा गुन्हा. बाईला असलं लिहिणं हा वेगळा गुन्हा," त्या म्हणाल्या. "म्हणून तक्रारीत पहिलं नाव सईच्या आईचं. घाण तिच्या अंगावर पडलीय. तुझी फक्त अब्रू गेलीय, आणि त्यातली निम्मी तू स्वतः खडूने घालवलीस." स्वतःच्या संकटात दुसरा नंबर आला म्हणून मी थोडा खट्टू झालो, खोटं कशाला बोलू.

सईच्या आईकडे बाई एकट्याच गेल्या. तिने काहीही डिलीट केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात साहेब मला म्हणाले, "काका, थोडे दिवस मोबाईल बंद ठेवा ना." बाई शांतपणे म्हणाल्या, "याने काही केलेलं नाही, मग यानेच का बंद ठेवायचा? तुम्ही तक्रार लिहून घ्या." साहेबांनी लिहून घेतली. सईची आई मान खाली घालून बसली होती. ती एकदम बोलली, "हे सरांनी लिहिलेलं नाही. सरांना 'बरं' एवढं टाइप करायला अर्धा तास लागतो." बाहेर आल्यावर मी विचारलं, मग सईला का काढलंत? "भीती वाटली हो. कोणाला विचारायचं तेच कळेना. आमच्या घरी तर मलाच म्हणाले, तूच काहीतरी लिहिलं असशील." मला सईच्या आईची फार लाज वाटली. म्हणजे तिच्यापुढे माझी. इतके दिवस मी माझ्याच क्लासचं रडगाणं गात होतो.

खातं बंद झालं. ज्याने उघडलं तो सापडला. मला वाटत होतं, कोणीतरी जळणारा गवई असेल. निघाला उपनगरातला कॉलेजचा पोरगा. त्याने माझं गाणं ऐकलेलंही नव्हतं. "चेहरा फनी वाटला," म्हणाला. खटला चालू आहे. सई क्लासला परत आली, तिच्यामागून बाकीच्याही आल्या, आणि मी खिडकीत बसून पेटी वाजवायला लागलो. वरून बाईंचा आवाज यायचा, "बाळ्या, मध्यम चढतोय." त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात बाई दुपारच्या झोपेतच गेल्या. फळा लिहायचं काम माझ्याकडेच आलं. नाव लिहिलं, तारीख-वेळ लिहिली, ओळी सरळ आल्या. तिसऱ्या दिवशी पाणी बंदची सूचना लिहायची म्हणून डस्टर उचललं आणि हात थांबला. खिशातून मोबाईल काढला, चार पावलं मागे सरलो. फोटो काढला. तारीख नीट दिसतेय का पाहिलं.

मग काय रडायचं ते रडलो.