सोमवारचा आकडा

आमच्या ऑफिसात किस्से गाळासारखे साचतात. मुद्दाम कुणी आणून टाकत नाही, पण दर वर्षी एक थर वाढलेला असतोच. माझ्या मनात ते सगळे एकदम वर आले ते एका सोमवारी, कारण साडेबारा वाजून गेले आणि हॉलंडचा आकडा आला नाही.

बाकी कुणाला काही वाटलं नाही. डबे उघडले, लोणच्याचा वास सुटला. मी मात्र सारखी फोनकडे बघत होते. तशी मी दारावरची बेल वाजली तरी दचकते म्हणा!

आधी आकड्याचं सांगते. पाण्याच्या नियोजनात आमच्या ऑफिसचं आणि हॉलंडचं सहकार्य माझ्या जन्माआधीपासूनचं. तज्ज्ञ आले, गेले, योजनांची नावं बदलली. टिकली ती एकच गोष्ट. दर सोमवारी आम्ही चितेगावजवळच्या एका विहिरीची पातळी कळवायची आणि त्यांनी तिकडच्या एका कालव्याची. आधी पत्रानं, मग फॅक्सनं, आता मोबाइलवर. आधी आकडा, मग नमस्कार, हा नियम. रजिस्टरमध्ये एकही सोमवार कोरा नाही.

तिकडून आकडा पाठवतात हेंड्रिक. सत्तरी ओलांडली, रिटायर झाले, पण हे काम सोडलं नाही. कालव्याच्या बांधाखालीच त्यांचं घर आहे. एकटेच राहतात.

*

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा आकडा आला तो उणे पाच मीटर आणि वर काही. पाण्याची पातळी उणे कशी असेल? टायपिंगची चूक असणार, असं समजून मी उण्याची खूण खोडली आणि 'तपासून दुरुस्त केले' असं कळवून टाकलं.

पाच मिनिटांत उत्तर. "आभारी आहे. जन्मभर समुद्राच्या खाली राहिलो. आज पहिल्यांदाच खिडकीतून समुद्र दिसेल."

आमचे साहेब, जोशी सर, हसता हसता ठसका लागून पाणी मागायला लागले. मी नकाशा उघडून बसले. त्यांचं शून्य म्हणजे समुद्राची पातळी, आणि तिथली जमीनच तिच्या खाली. समुद्राच्या खाली माणसं भाजी लावतात, सायकली चालवतात, झोपतात. झोप कशी लागते, हे मला अजून कळलेलं नाही.

*

मग हेंड्रिक स्वतः आले. सोबत एक यंत्र होतं, विहिरीत सोडायची फीत, पाण्याला टेकली की वाजणारी. आमची विहीर दगडूमामांच्या शेतातली, पातळी मोजतात तेच. मामांकडे गाठी मारलेली दोरी आणि टोकाला दगड. जोशी सरांनी गंमत म्हणून दोघांना एकदमच मोजायला लावलं.

आत काळोख. यंत्र वाजलं आणि त्याच क्षणी मामा म्हणाले, "लागलं."

न बघता कसं कळलं, असं हेंड्रिकनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"पान्यात गेला की दगड हलका व्हतो. हाताला कळतंय की."

हेंड्रिकनी दोरी हातात घेतली, डोळे मिटले आणि दगड वर-खाली करत उभे राहिले. किती वेळ! यंत्राची पेटी कठड्यावर तशीच उघडी.

*

त्याच फेरीत ते गारखेड्याला आमच्या घरी चहाला आले, आणि नेमका तो नळाचा दिवस. कितव्या दिवशी पाणी येईल याचा आमच्याकडे नेम नसतो, त्यामुळे चहा राहिला बाजूला. आई पाइप घेऊन पळतेय, मी भरतेय पिंप, बादल्या, पातेली, शेवटी चहाचं भांडंसुद्धा! पाहुणे बाह्या सरसावून बादल्या उचलायला लागले. मी लाजेनं अर्धी झाले.

सगळं भरल्यावर ते म्हणाले, त्यांच्याकडे पंप दिवसरात्र चालतात. पाणी बाहेर फेकायला. थांबले तर घर बुडेल.

आईला सांगितलं. ती पायरीवर टेकलीच.

"फेकायला?"

मग उठून तिनं भरलेल्या बादल्यांवर एकेक करून ताटं झाकली.

*

आणि गेल्या महिन्यातली गोष्ट. इथं पावसानं दडी मारलेली, आणि तिकडंही उन्हाळा कोरडा ठाक. हेंड्रिकचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या बांधाची माती कुजलेल्या झाडपाल्याची. ती वाळली की हलकी होते आणि मागचं पाणी तिला ढकलतं. बांधाला भेगा पडल्या होत्या. ज्या देशाला पाण्याची भीती, तो आम्हाला कोरड्या जमिनीचं विचारत होता!

मी मामांना शेतात गाठलं. काळ्या रानातल्या भेगांत त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी तुरीची काडी मोडून भेगेत घातली.

"काडी सरळ गेली तर उन्हानं फाटलंय, भ्यायचं नाय. वाकडी गेली तर जमीन सरकाय लागली. मग पळा."

हेंड्रिकनी तीन शब्द पाठ करून टाकले. काडी सरळ. काडी वाकडी. रोज बांधावर फिरून तेच पाठवायचे, इंग्रजी अक्षरांत. सरळ, सरळ, सरळ.

शुक्रवारी आलं, "काडी वाकडी. एका ठिकाणी." मग शनिवार-रविवार काहीच नाही.

*

तर तो सोमवार. मी चार वेळा फोन लावला. नुसती रिंग. जोशी सर म्हणाले, बाजारात गेले असतील, तू उगाच घाबरतेस. पण त्यांचाही डबा तसाच होता.

दोन वाजता दारात दगडूमामा. आकडा ते फोनवरच सांगतात, सकाळी सांगितलाही होता, आणि नेहमीप्रमाणे विचारलं होतं, "तिकडचा आला का?" नाही म्हटल्यावर काळी-पिवळी जीप धरून थेट आले होते. दोरी खांद्यावरच. चहा नको म्हणाले.

पाचव्यांदा लावला. रिंग वाजून वाजून बंद.

"लेकी, आजून येकदा."

फोन स्पीकरवर टाकून मी टेबलावर ठेवला, मामांना ऐकू यावं म्हणून. मामांनी दोरीची एक गाठ मुठीत धरली होती.

नववी रिंग. दहावी. मग कुणीतरी उचलला. नुसता वारा, आणि धापा टाकणं.

"उणे पाच मीटर, बारा सेंटिमीटर."

"दोन दिवस बांधावर मातीच्या गोणी रचतोय." मग एक मोठा श्वास.

"काडी... सरळ."