बारा नंबरचा चिमटा

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. पंपाचे दांडे कातणारा हा टर्नर दुसऱ्याच्या कामात केसाएवढी चूक काढायचा आणि काढली की चार माणसांत ऐकवायचा. स्वतःची चूक? ती म्हणे त्याच्या लेथवर कधी जन्मालाच आली नाही. घरीही तेच. बायकोनं कॅलेंडर टांगलं की हा दारातूनच म्हणायचा, "अगं, डावीकडं कललंय." ती बघायला जायची, तर खरंच कललेलं असायचं. पंचाईत तीच होती.

अशा माणसाला विमानांचा नाद लागला तो साडूमुळे. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चष्म्याचं दुकान चालवणारा, हसरा, बडबड्या माणूस. एका रविवारी त्यानं मायक्रॉनला बंद वीटभट्टीमागच्या माळावर नेलं. तिथं दहाबारा जण हातातल्या रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायचे. खोक्यातून काढली की उडाली अशी नव्हेत, तर पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीच्या किटमधली, बाल्सा नावाच्या पिसासारख्या हलक्या लाकडाची, एकेक फासळी चिकटवून केलेली. मायक्रॉननं साडूच्या विमानाचा पंख उन्हात धरला, आरपार पाहिलं आणि म्हणाला, "तिसरी फासळी तिरकी आहे."

"मग तुम्हीच करून दाखवा की साडूभाऊ!"

करून दाखवायला दोन वर्षं लागली. केव्हाच बंद पडलेल्या एका कंपनीचं किट साडूनंच कुठूनसं मिळवून दिलं. खोक्याचे कोपरे फाटलेले, नकाशा पिवळा पडलेला, साच्यानं कापलेले लाकडी तुकडे कडेला चेंगरलेले. मायक्रॉननं ते तुकडे बाजूला ठेवले आणि सगळ्या फासळ्या स्वतः नव्यानं कापल्या. मागच्या खोलीत फळीवर नकाशा, त्यावर मेणकागद, त्यावर टाचण्यांनी उभा केलेला सांगाडा. सहा फुटी पंखांवर पातळ रेशीम ताणून त्यानं पाच हात लाखेसारखं रोगण दिलं, तेव्हा त्या वासानं बायकोचं डोकं आठवडाभर उठलं. साडू अधूनमधून येऊन स्टुलावर बसायचा आणि गप्पा हाणायचा. एकदा त्यानं विचारलं, "विमानातल्या या जुन्या बॅटरीच्या टोकाला पांढरं काय जमलंय हो? बदलून टाका ना."

"तू लोकांचे नंबर काढ," मायक्रॉन म्हणाला. "यातलं मला कळतं."

माळावर एक नियम होता. जुने रेडिओ, त्यामुळे प्रत्येकाचा चॅनेल ठरलेला. एकाच चॅनेलवर दोघांनी एकदम रेडिओ लावला, तर हवेतलं विमान कुणाचंच ऐकत नाही, दगडासारखं खाली येतं. म्हणून एका फळीवर नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे अडकवलेले असत. आपल्या नंबरचा चिमटा ज्याच्या खिशाला, त्यानंच रेडिओ लावायचा. मायक्रॉन आणि साडू, दोघांचाही नंबर बारा. एक उडवायचा तेव्हा दुसरा चहा प्यायचा. वर्षभर हे गुण्यागोविंदानं चाललं.

त्या रविवारी चिमटा मायक्रॉनच्या खिशाला होता. विमान धावलं, उचललं, दोन मोठी वळणं घेऊन आलं. उन्हात पंखांतल्या फासळ्या दिसत होत्या. सगळे माना वर करून बघत होते. तिसऱ्या वळणावर ते एकदा थरथरलं, नाक खाली गेलं आणि मायक्रॉन रेडिओची दांडी ओढतोय, ओढतोय, तोवर भट्टीच्या भिंतीशी खाड्कन आवाज झाला.

तो वळला. मागं टेबलापाशी साडू उभा होता. हातात रेडिओ, वर ओढलेली एरियल.

"स्विच बंद आहे साडूभाऊ," साडूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी नुसती एरियल पुसत होतो. बघा, बंद आहे."

मायक्रॉननं बघितलं नाही. त्यानं तो रेडिओ हिसकावला आणि दगडावर आपटला. मग पुन्हा आपटला. "पोटात दुखत होतं ना तुझ्या? स्वतःला सरळ फासळी लावता येत नाही, म्हणून दुसऱ्याचं पाडलंस!"

कुणी मध्ये पडलं नाही. मायक्रॉनची चूक कधी नसतेच, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग ती साडूचीच असणार. पुढच्या रविवारी साडू आला तेव्हा कुणी त्याच्यासाठी सरकून जागा केली नाही. त्यानंतर तो आला नाही.

विमान पडलं ते पडलं, दोन घरंही पडली. मायक्रॉननं बायकोला बजावलं, त्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. धाकटीच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा थोरली, म्हणजे याची बायको, एकटी गेली, अक्षता टाकल्या आणि न जेवता परतली, कारण हा घरी घड्याळ लावून बसला होता. कुणी साडूचा विषय काढला की तो म्हणायचा, "घातकी माणूस." अशी दहा वर्षं गेली. मोडकं विमान मागच्या खोलीत माळ्यावर खोक्यात होतं. त्याला तो हात लावू देत नसे. पुरावा म्हणायचा त्याला.

निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठला, तेव्हा थोरलीच म्हणाली, "एक तर ते नीट करा, नाहीतर चुलीत घाला." त्यानं खोकं उतरवलं.

फुटलेलं नाक सोडवता सोडवता बॅटरीची तार हाताला लागली. ओढल्यावर ती विमानातल्या स्विचपाशी अलगद निघून आली. त्यानं ब्लेडनं वरचं प्लास्टिक सोललं. आत तांबं नव्हतंच, काळी भुकटी होती, बोटभर लांब. चौतीस वर्षं धातूत काढलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. बॅटरीतला क्षार तारेत शिरला होता, आतून तिला खात गेला होता, आणि तिसऱ्या वळणाच्या हिसक्याला ती तुटली होती. साडूच्या रेडिओचा काडीचाही संबंध नव्हता.

त्यानं ती तार काड्यापेटीत घातली, पेटी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि जेवायला गेला. आमटीला मीठ जास्त झालं म्हणून ओरडला.

आठ महिने तो विमान जोडत राहिला. तोंडातून चकार शब्द नाही. उलट साडूवर जास्तच घसरायला लागला. थोरलीला नवल वाटायचं की एवढ्या वर्षांनी याच्या अंगात आता कुठलं वारं शिरलं. एके दुपारी धाकटीच्या दुखऱ्या गुडघ्यांचा विषय निघाला, तर हा म्हणाला, "नवऱ्याची पापं फेडतेय."

थोरलीनं ताट खाली ठेवलं. "कसली पापं? काय केलंय त्यांनी? तुम्ही तो स्विच तरी बघितलात का हो?"

"बंद होता!" तो ओरडला, आणि ओरडून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

मग काड्यापेटी बाहेर आली. थोरलीनं ती काळी तार तळहातावर घेतली. "अकरा वर्षं," ती म्हणाली. "त्यातले आठ महिने तर ठाऊक असून." आणि नंतर, "उद्या तुम्ही जाऊन सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मग मी तिथंच राहीन."

साडूच्या दुकानात एक बाई तपासणीची जड फ्रेम लावून बसल्या होत्या. साडूनं मायक्रॉनला दारात पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा तिकडं वळला. "खालून दुसरी ओळ वाचा. आता? आधीचं बरं की हे?" सावकाश, प्रत्येक भिंग दोनदा बदलून. मायक्रॉन उभाच. बसा म्हणायला कुणी नव्हतं.

बाई गेल्यावर त्यानं काड्यापेटी काउंटरवर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. सांगताना आवाज खरखरीतच होता. मऊ बोलायची सवयच नव्हती.

साडूनं तार भिंगाखाली धरली. "हे मला कशाला दाखवता?" तो म्हणाला. "स्विच बंद होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना दाखवा. माझं तोंड काळं केलंत ते सगळ्यांसमोर. धुवायला एकट्यात आलात होय?"

"चुकलो म्हणतोय ना!"

"म्हणताय. भांडल्यासारखं."

रविवारी मायक्रॉन माळावर गेला. चिमट्यांची फळी कधीच काढून टाकली होती. आताच्या रेडिओंना तिची गरज नसते. जुन्यांपैकी दोघेच उरले होते. बाकीच्यांना चष्मेवाला कोण, हेच माहीत नव्हतं. त्यानं तार दाखवून सगळं सांगितलं. एक जण मोबाईल बघत ऐकत होता. जुन्यांपैकी एक म्हणाला, "जाऊ द्या हो, कुठलं काय उकरताय!" मायक्रॉनला वाटलं, याची कॉलर धरावी. त्या दिवशी यानंच तर जागा दिली नव्हती.

साडू आला होता, लांब स्कूटरवर बसून ऐकत होता. बोलणं संपल्यावर मायक्रॉन दुरुस्त केलेलं विमान घेऊन त्याच्याकडं गेला. "घे. तू उडव."

साडूनं विमानाकडं पाहिलंसुद्धा नाही. "ऐकलं मी. आता बायका जाऊ देत, येऊ देत. त्यांना आडकाठी नको. तुमचं-माझं मात्र काही नाही." आणि स्कूटर चालू करून तो निघून गेला.

त्यावर मायक्रॉननं घरी येऊन थयथयाट केला, माणसानं किती नाक वर करावं म्हणून. थोरलीनं ऐकून घेतलं आणि पिशवी भरून चार दिवस बहिणीकडं राहायला गेली.

आता तो मंगळवारी सकाळी, माळावर कुणी नसताना विमान उडवतो. आठवड्यातून एकदा धाकटी गुडघे सांभाळत येते. दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसून तासन्‌तास बोलतात, हसतात. तो पाणी प्यायला आत गेला की हसणं थांबतं. तो पेला भरतो, उभ्यानंच पितो आणि मागच्या खोलीत निघून जातो.