चिनी मालिकेचा कोकणी दुभाष्या

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदराबाहेर एका कॅफेटेरियात मी चहा करायचो. माझ्या चहाच्या वासाने ओमानकडे निघालेली जहाजं तोंड फिरवायची. खोटं वाटतं? विचारा कुणालाही. फक्त जहाजांना विचारू नका.

सीडीवर सिनेमे बघायचे ते दिवस. सिंगापूरच्या एका जहाजावरच्या म्हाताऱ्या भंडाऱ्याने, म्हणजे स्वयंपाक्याने, खूश होऊन मला एक चिनी मालिका दिली. हैनान बेटावरून पोटासाठी सिंगापूरला आलेली माणसं आणि त्यांची कॉफीची दुकानं, एवढं त्याने दोन-चार हिंदी शब्दांत आणि खाणाखुणांनी समजावलं. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की आमची वीसेक कोकणी माणसं टीव्हीपुढे. कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय रे तो?" पातेल्यातून नजर न काढता मी सांगून टाकलं. मग दर शुक्रवारी सांगतच गेलो.

"चिनी कधी शिकलास?"

"बंदरावर. आठ दिवसांत."

गुहागरचा एक सुतार तेवढा मिशीत हसायचा. बाकी सगळे मला मानायचे, आणि परमुलखात दुसरं काय होतं हो माझ्याकडे?

एका शुक्रवारी पडद्यावरचा नायक दिवसभर कप विसळून पत्र लिहायला बसला. मी म्हटलं, "आईला लिहितोय, मी इथे मॅनेजर आहे." तेवढ्यात दार उघडलं. साक्षात भंडारी! दहा वर्षांत पहिल्यांदा माझं दूध उतू गेलं.

"आता खलास!" सुतार ओरडला. "हबीबी, इधर बैठो!" भंडाऱ्याला बसवून बंदरावरच्या आमच्या इंग्रजीवाल्या कारकुनाला त्याने पुढे ढकललं. "विचार, काय लिहितोय तो."

सीडी मागे नेली. म्हाताऱ्याने ऐकलं, इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. कारकून माझ्याकडे बघतच राहिला.

"लिहितोय, आई, मी दुकानाचा मालक आहे."

"म्हणजे तू गरिबाचा हुद्दा उतरवलास होय रे!" सुतार म्हणाला आणि छप्पर उडेल असं हसू फुटलं. मग तोच म्हणाला, "पण तुला कळलं कसं?"

"मी घरी तेच लिहितो ना. मॅनेजर."

हसू थांबलं. सुतार खाली बघून म्हणाला, "मी सुपरवायझर."

"मी इंजिनिअर," कोपऱ्यातला गवंडी म्हणाला.

कारकुनाने सगळं सांगितलं तेव्हा भंडारी इतका हसला की डोळे पुसू लागला. मी त्याला कडक चहा दिला. मालिकेतल्या म्हाताऱ्यांसारखा, आणि आमच्या आजोबांसारखाही, तो त्याने बशीत ओतला, फुंकर मारली, भुर्रकन प्यायला आणि कप पुढे केला. आणखी एक!

त्याच आठवड्यात मी घरी लिहिलं: आई, मी मॅनेजर नाही, मी चहा करतो. माझा चहा प्यायला लोक जहाज थांबवतात.

दुसरं वाक्य थोडं वाढवलंय. पहिलं अगदी खरं.