चाळीस मिनिटांचा भागाकार

…आणि घड्याळजींनी काय करावं? डोळ्याला भिंग लावलं नि पाहणीवाल्या बाईंचा कागद असा न्याहाळला, जणू आत कुठे केस अडकलाय! सवय हो, दुसरं काय. पाहणी होती घरीच शिकणाऱ्या मुलांची. अभ्यासाची ओढ किती, नि ती येते कुठून. अठ्ठावीस वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते सात आकडे. जितकं पटेल तेवढ्या आकड्याला गोल करायचा.

त्यांची बिट्टी अकरा वर्षांची. आई गेली आणि पोरगी शाळेच्या फाटकाशीच पाय रोवून उभी राहू लागली. शेवटी घड्याळजींनी दुकानामागच्या खोलीत दुसरं स्टूल टाकलं नि स्वतःच मास्तर झाले. दहा ते बारा शिकवणी. एरवी माणूस असा घुम्या, की गिऱ्हाइकं म्हणत, यांच्यापेक्षा लंबक बरा, निदान टिकटिक तरी करतो.

पण पोरगी मागे पडत चालली. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाची ठेवावी तशी बाप तिची नोंद ठेवी. वर्षापूर्वी भागाकाराला दहा मिनिटं लागायची, आता चाळीस. आत्यानं बजावलंच होतं, "दादा, तिला ओढच उरली नाही. या पाहणीत तसंच निघालं, तर मी तिला माझ्याकडे नेणार. पुरे झाला तुझा हट्ट."

"स्पष्ट सांगा, बाई," घड्याळजींचा आवाज चिरकला. "आतली स्प्रिंगच तुटलीय का हिची?"

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. 'सकाळी अभ्यासाची वाट पाहते' याला बिट्टीनं दिले होते सात. 'अवघड गणित सुटलं की आनंद होतो' याला एक.

"हे कसं जुळायचं?" घड्याळजी म्हणाले. "तुमचं मापच बिघडलंय."

बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या बिट्टीची वही उजेडात धरली. प्रत्येक भागाकाराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात बरोबर उत्तर होतं, खोडलेलं. खाली ठसठशीत चूक.

घड्याळजींनी भिंग काढलं.

"बिट्टे, येत होतं की गं तुला! मग मुद्दाम चुकवलंस कशाला?"

पोरगी पायाच्या अंगठ्यानं जमीन घासत राहिली. मग म्हणाली, "गणित सुटलं की तुम्ही भिंग लावता, बाबा. मग दिवसभर बोलतच नाही. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून समजावता."